भांडे शिजवते, लाकडे शिजवतात

काही वर्षांपूर्वी आम्ही काही जण मिळून शालेय प्रयोगांची एक इंग्रजी पुस्तिका मराठीत आणत होतो. काम वाटून घेतलेले होते आणि दर शनिवारी सगळ्यांनी आपापले कागद वाचून दाखवायचे, असा शिरस्ता होता. एका शनिवारी एक वाक्य आले : 'आता तापमापक चाळीस अंश वाचतो.' वाचणारा स्वतःच अडखळला आणि सगळे हसले. इंग्रजीत तापमापक, व्होल्टमीटर, वजनकाटा अशी सगळी उपकरणे खुशाल 'वाचतात'. मराठीत वाचायला माणूस लागतो. शिवाय चाळीस अंशांना तापमापक वाचला, म्हणजे पन्नासला दगावला असता का, अशीही शंका एकाने काढली. वाक्य दुरुस्त झाले : 'आता तापमापक चाळीस अंश दाखवतो.'

तेवढ्यात गटातल्या एका शिक्षिकाबाईंनी विचारले, "तापमापकाला डोळे नाहीत म्हणून तो वाचत नाही, हे मान्य. पण मग दाखवायला त्याला हात तरी कुठे आहेत?"

या प्रश्नाला त्या दिवशी आमच्यापैकी कोणालाच उत्तर देता आले नाही. पुढे शोधू लागलो तेव्हा कळले, की प्रश्न फार जुना आहे. त्यावर आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वी बारकाईने विचार झालेला आहे, आणि गेल्या पन्नाससाठ वर्षांत भाषाशास्त्रज्ञ तिथेच वेगळ्या वाटेने येऊन पोचले आहेत. विज्ञान शिकवणाऱ्याला तर हा प्रश्न रोजच्या कामाचा आहे. तो इतिहास थोडक्यात पाहू या.

बांगडी आणि मोती

शाळेच्या व्याकरणात आपण शब्दशक्ती शिकवतो : अभिधा, लक्षणा, व्यंजना. लक्षणेचे ठरलेले उदाहरण म्हणजे 'पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली.' १४ जानेवारी १७६१ च्या त्या लढाईत बांगड्या फुटल्या नाहीत. माणसे मेली, त्यांच्या बायका विधवा झाल्या आणि त्यांच्या बांगड्या फुटल्या. बांगडी आणि मेलेला शिपाई यांच्यात साम्य काहीच नाही. त्यांच्यात संबंध आहे, आणि त्या संबंधाच्या दोराने एक वस्तू दुसरीच्या जागी आली आहे.

याच लढाईनंतरच्या एका सांकेतिक निरोपाची गोष्टही आपण सांगतो. त्यात मोती गळाल्याचे आणि मोहरा हरवल्याचे लिहिले होते. तिथे कारभार निराळा आहे. मोती आणि राजपुत्र यांच्यात मोलाचे साम्य कल्पिलेले आहे. साम्यावर उभे राहते ते रूपक, आणि संबंधावर उभी राहते ती आपल्या या लेखातली लक्षणा. ठिकाणासाठी माणसे, भांड्यासाठी आतला पदार्थ, साधनासाठी ते वापरणारा, कर्त्यासाठी त्याची कृती हे सगळे संबंधाचे प्रकार.

आता बांगडीच्या वाक्यात एक गोष्ट पाहा. बांगडी नुसती वाक्यात आलेली नाही, तर कर्त्याच्या जागी बसली आहे आणि क्रियापद तिच्याप्रमाणे चालते आहे : 'फुटली', स्त्रीलिंगी, एकवचनी. 'सगळा वर्ग हसला' यातही तेच. वर्गात निम्म्या मुली असल्या तरी क्रियापद 'वर्ग' या पुल्लिंगी एकवचनाशीच जुळते. म्हणजे मराठीत बदली आलेल्याला त्या जागेचे सगळे मान मिळतात.

सगळीकडे असे नसते. ब्रिटिश इंग्रजीत 'संघ', 'सरकार', 'समिती' अशा एकवचनी नामांपुढे अनेकवचनी क्रियापद सर्रास येते, जणू क्रियापद त्या शब्दातून आरपार आतल्या माणसांकडे पाहते. अमेरिकन इंग्रजीत मात्र बहुधा एकवचनच येते. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी १९८० साली लिहिलेल्या पुस्तकात उपाहारगृहातले एक वाक्य आहे : एक वाढपी दुसऱ्याला सांगते, की 'हॅम सँडविच त्याच्या बिलासाठी थांबले आहे.' कर्ता सँडविच आहे, पण सर्वनाम गिऱ्हाइकाचे आहे. आपल्याकडच्या हॉटेलात 'मिसळ बिल मागतेय' म्हणतात की 'मागतोय', हे विद्यार्थ्यांनी कान देऊन ऐकण्यासारखे आहे.

पतंजलीचे स्वयंपाकघर

लक्षणेचा विचार आपण काव्याच्या पुस्तकात टाकून दिला असला, तरी तो मुळात व्याकरणाच्या आणि तर्काच्या शाळेत झाला. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास पतंजलीने पाणिनीच्या सूत्रांवर महाभाष्य लिहिले. एके ठिकाणी तो विचारतो, की एक वस्तू दुसरीच्या नावाने का ओळखली जाते? उत्तरादाखल तो चार कारणे देतो : तिथे असणे, तसे गुण असणे, जवळ असणे आणि सोबत असणे. मचाणावरची माणसे हसतात, तेव्हा मचाणे हसतात असे आपण म्हणतो. डोंगरावरची झाडे जळतात, तेव्हा डोंगर जळतो असे म्हणतो. गवळीवाडा काठावर असतो, आपण तो गंगेवर आहे म्हणतो. भालेकऱ्यांना आत घ्यायचे तर भाल्यांना आत घ्या म्हणतो. चारातले दुसरे कारण साम्याचे आहे, उरलेली तीन संबंधाची. सह्याद्रीत उन्हाळ्यात 'डोंगर पेटला' म्हणणारा माणूस पतंजलीचेच उदाहरण मराठीत देत असतो.

पुढे न्यायसूत्रांत ही यादी दहापर्यंत वाढली. माप हेही एक कारण झाले, साधन हे एक झाले, मालकी हेही एक झाले. अन्न हे प्राणाचे साधन, म्हणून अन्नालाच प्राण म्हणतात, हे साधनाचे उदाहरण. हातात काठी घेऊन फिरणाऱ्या ब्राह्मणाला जेवू घालायचे, तर 'काठीला जेवू घाल' असे म्हणतात, हे सोबतीचे.

आमच्या प्रश्नाशी अधिक थेट भिडणारी चर्चा महाभाष्यात दुसऱ्या ठिकाणी, कारकांच्या प्रकरणात आहे. पाणिनीने कर्त्याची व्याख्या 'क्रिया करणारा' अशी केलेली नाही. क्रियेच्या संदर्भात जो स्वतंत्र म्हणून सांगितला जातो तो कर्ता, असा तिचा भाव आहे. मग पतंजली भात शिजवायला घेतो. देवदत्त भात शिजवतो, हे उघडच आहे. पण लोक 'भांडे शिजवते' असेही म्हणतात आणि 'लाकडे शिजवतात' असेही म्हणतात. हे कसे?

पतंजलीचे उत्तर असे : शिजवणे ही एक क्रिया नव्हे, अनेक क्रियांचा गठ्ठा आहे. चुलीवर भांडे चढवणे, पाणी ओतणे, तांदूळ वैरणे, लाकडे सारणे हे देवदत्ताचे शिजवणे. तांदूळ-पाणी आपल्यात धरून ठेवणे हे भांड्याचे शिजवणे. भात होईपर्यंत जळत राहणे हे लाकडांचे शिजवणे. बोलणाऱ्याला ज्याच्या वाट्याचे काम पुढे आणायचे असेल, तो त्या वाक्यापुरता स्वतंत्र, म्हणजे कर्ता. बोलणाऱ्याच्या या इच्छेला व्याकरणात 'विवक्षा' म्हणतात. सहाएकशे वर्षांनंतर भर्तृहरीने तिचा आणखी विस्तार केला.

पण मग वाट्टेल ते कर्ता होईल का? यावर पतंजलीने दिलेली उपमा आम्हाला फार आवडते. राजासोबत असतात तेव्हा अमात्य परतंत्र असतात, राजा नसेल तेव्हा ते स्वतंत्रपणे वागतात. तसेच देवदत्त वाक्यात आला की भांडे आणि लाकडे आपापल्या जागी परततात : 'देवदत्त भांड्यात, लाकडांनी भात शिजवतो.' भांडे अधिकरण झाले, लाकडे करण झाली. कर्त्याची खुर्ची एकच आहे, आणि खरा मालक दारातून आत आला की बदली बसलेल्याने उठायचे असते.

अकराव्या शतकात मम्मटाने काव्यप्रकाशात लक्षणेच्या तीन अटी एकत्र मांडल्या. शब्दाचा मूळ अर्थ जुळेनासा झाला पाहिजे, नव्या अर्थाशी त्याचा काही संबंध पाहिजे, आणि त्याला रूढी किंवा प्रयोजन यांपैकी एकाचा आधार पाहिजे. आमच्या तापमापकाचे उत्तर या तिसऱ्या अटीत आहे. 'दाखवतो' आणि 'वाचतो' ही दोन्ही कामे खरे तर माणसाचीच. पण उपकरणाला 'दाखवण्याची' परवानगी मराठीच्या रूढीने दिली आहे, 'वाचण्याची' दिलेली नाही. इंग्रजीने दोन्ही दिल्या आहेत. बोलणाऱ्याची विवक्षा आणि समाजाची रूढी या दोघींचे जमले, तरच खुर्ची मिळते.

चार माणसे झोपवणारा तंबू

युरोपात हा विषय दीर्घकाळ वक्तृत्वशास्त्राकडे राहिला. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या लॅटिन ग्रंथांत आणि पुढे पहिल्या शतकात क्विंटिलियनच्या ग्रंथात देवाच्या नावाने त्याने दिलेली वस्तू, भांड्याच्या नावाने आतले पेय अशा उदाहरणांची यादी सापडते. पण तिकडे तो भाषेचा अलंकार मानला गेला. वाक्याच्या बांधणीशी त्याचा संबंध जोडायला विसावे शतक उजाडावे लागले.

१९७४ मध्ये जर्मन अभ्यासक ग्युंटर रोडेनबुर्ग यांनी इंग्रजी आणि जर्मन वाक्यांतल्या कर्त्यांची शेजारी शेजारी ठेवून तुलना केली. १९८६ मध्ये जॉन हॉकिन्स या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने तो धागा पुढे नेला. या दोन भाषा सख्ख्या बहिणीच म्हणायच्या. तरी इंग्रजीत 'हा तंबू चार माणसे झोपवतो', 'माझ्या गिटारने तार तोडली', 'हे हॉटेल कुत्र्यांना मनाई करते', 'एके काळी एक पेनी दोन-तीन टाचण्या विकत घेई' अशा धाटणीची वाक्ये चालतात आणि जर्मनमध्ये ती शब्दशः चालत नाहीत. जर्मन माणूस म्हणतो : या तंबूत चार जण झोपू शकतात, माझ्या गिटारची तार तुटली, एका पेनीत टाचण्या मिळत. मराठी माणूसही नेमके हेच म्हणतो. तंबू, गिटार, पेनी हे सारे मराठीत 'त', 'ची', 'ला' असे प्रत्यय लावून आपापल्या जागी बसतात, आणि कर्त्याची खुर्ची माणसाला किंवा तुटणाऱ्या तारेला मिळते.

हॉकिन्स यांनी याचे कारण इतिहासात शोधले. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय होते. 'मला आवडते' यासारखी रचनाही होती : वस्तू कर्ता आणि माणूस चतुर्थीत. साधारण ११०० ते १५०० या काळात इंग्रजीने बहुतेक प्रत्यय गमावले. मग कोण काय आहे, हे नामाच्या वाक्यातल्या जागेवरूनच ओळखायचे उरले. क्रियापदाच्या आधीची जागा ही कर्त्याची असे ठरून गेले आणि त्या एका जागेवर पूर्वी वेगवेगळ्या विभक्तींत राहणारे सगळे येऊन बसू लागले. 'मला आवडते'चे 'मी आवडतो' अशा धर्तीवर रूपांतर झाले. जर्मनने चार विभक्ती राखल्या, म्हणून तिच्या कर्त्याच्या जागेवर तितकी गर्दी झाली नाही.

ही कारणमीमांसा आकर्षक आहे, पण पुरेशी नाही. डच भाषेनेही नामांच्या विभक्ती जवळजवळ सगळ्या गमावल्या, तरी ती या बाबतीत इंग्रजीइतकी मोकळी नाही. प्रत्यय झडणे हे एक कारण असू शकते, पण रूढी त्याहून हट्टी असते. (आणि पाहा, 'भाषेने गमावल्या' असे आम्हीही लिहून गेलोच. भाषा काय गमावणार? पिढ्यान्‌पिढ्या बोलणाऱ्यांनी ते प्रत्यय उच्चारणे सोडले.)

किल्लीने दार उघडले

१९६८ मध्ये अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फिलमोर यांनी कारकांवर एक निबंध लिहिला आणि तो गाजला. त्यातले दार उघडण्याचे उदाहरण पुढे पाठ्यपुस्तकांत कायम झाले. जॉनने किल्लीने दार उघडले, किल्लीने दार उघडले, दार उघडले. इंग्रजीत तीन वाक्यांचे तीन कर्ते : जॉन, किल्ली, दार. फिलमोर यांचे म्हणणे असे, की करणारा हजर असेल तर खुर्ची त्याची, तो नसेल तर साधनाची, साधनही नसेल तर ज्याच्यावर क्रिया घडते त्याची. ज्यांनी महाभाष्य वाचले होते त्यांना राजा आणि अमात्य आठवल्यावाचून राहिले नसतील.

आता मराठीची गंमत पाहा. 'किल्लीने दार उघडले' या वाक्यात किल्ली कर्ता आहे की साधन? आपला 'ने' प्रत्यय दोन्ही कामे करतो. 'रामाने चाकूने फळ कापले' यात एक 'ने' करणाऱ्याचा आणि दुसरा साधनाचा. भूतकाळात दोघांचे कपडे सारखेच, त्यामुळे नुसत्या रूपावरून फरक कळत नाही. कळण्याचा एक सोपा उपाय म्हणजे काळ बदलणे. 'रामाने फळ कापले' याचे 'राम फळ कापतो' होते. 'चाकूने फळ कापले' याचे मात्र 'चाकूने फळ कापतात' असे होते. 'वाऱ्याने दार उघडले' याचे काय? कोणी 'वारा दार उघडतो' म्हणेल, कोणी 'वाऱ्याने दार उघडते' म्हणेल. वर्गात विचारून पाहा, बहुधा दोन गट पडतील. दोन्ही गट बरोबर असतील, कारण वारा करणारा आहे की नुसते कारण, याचा निकाल मराठीने पुरता लावलेलाच नाही.

या 'ने'मध्ये आणखी एक गुपित आहे. आपण 'त्याने आंबा खाल्ला' म्हणतो, पण 'मी आंबा खाल्ला' आणि 'तू आंबा खाल्लास'. 'मी' आणि 'तू' यांना 'ने' लागत नाही. १९७६ मध्ये मायकेल सिल्व्हरस्टाइन यांनी जगभरच्या भाषांतून अशी उदाहरणे गोळा करून एक उतरंड मांडली. वरच्या पायरीवर 'मी' आणि 'तू', खाली तृतीय पुरुष, मग माणसांची नामे, प्राणी, आणि सर्वांत खाली निर्जीव वस्तू. वरच्या पायरीवरचे हे कर्ता असणार, हे गृहीतच असते, म्हणून त्यांना वेगळी खूण लागत नाही. खालच्यांना 'हा इथे करणारा आहे' अशी पाटी लावावी लागते. मराठीने ही पाटी बरोबर 'मी-तू' यांच्याखाली टांगली आहे.

काही भाषांत ही उतरंड आणखी कडक असते. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील नाव्हाहो भाषेत वाक्यात वरच्या पायरीवरचे नाम आधी यावे लागते. मधमाशीने मुलाला डंख मारला, तरी वाक्याची सुरुवात मुलापासूनच करायची आणि डंख मधमाशीचा आहे, हे क्रियापदाच्या उपसर्गातून दाखवायचे. जपानीतही निर्जीव वस्तूला सकर्मक क्रियापदाचा कर्ता करणे परंपरेने कृत्रिम वाटे. १८६८ नंतरच्या मेइजी काळात युरोपीय पुस्तकांची भाषांतरे वाढली आणि तसली वाक्ये लिखाणात रुळू लागली. आजही जपानी वाचक त्यांना भाषांतरी थाटाची म्हणून ओळखतो. आपल्या 'विसाव्या शतकाने दोन महायुद्धे पाहिली' या वाक्याची जातकुळी तीच. आता ते खटकत नाही, म्हणजे तेवढी रूढी बदलली.

निवड करतो कोण?

इथवर वाचून कोणी म्हणेल, भाषेच्या शिक्षकांसाठी हे ठीक, विज्ञानाशी याचा संबंध काय? संबंध असा, की विज्ञानाची भाषा ही बदली कर्त्यांवरच चालते. लंडनच्या रॉयल सोसायटीचे 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' १६६५ मध्ये सुरू झाले. त्याच्या सुरुवातीच्या काळातले लेखक 'मी हे केले, मला असे दिसले' या पद्धतीने लिहीत. ड्वाइट ॲटकिन्सन यांनी या नियतकालिकाच्या १६७५ ते १९७५ या तीनशे वर्षांतल्या लेखांची भाषा तपासली. तिच्यात 'मी' हळूहळू मागे सरकत गेलेला आणि पदार्थ, पद्धती, निष्कर्ष हे कर्त्याच्या जागी येत गेलेले आढळतात. 'प्रयोग दाखवतो', 'आलेख सुचवतो', 'नियम सांगतो' ही आपली पाठ्यपुस्तकी मराठी त्याच घराण्यातली आहे.

यामुळे फायदा झालाच. कोणी मोजले यापेक्षा काय मोजले, हे पुढे आले. पण बदली कर्ता खुर्चीत फार काळ बसला, की तोच मालक वाटू लागतो. याचे मोठे उदाहरण म्हणजे डार्विन. १८५९ साली 'जातींचा उगम' प्रसिद्ध झाला आणि 'नैसर्गिक निवड' हा शब्द कर्ता होऊन वाक्यावाक्यांत वावरू लागला : निवड टिकवते, निवड नाकारते, निवड सुधारते. लगेच आक्षेप आला, की निवडायचे तर निवडणारा हवा. डार्विन निसर्गाला देवच करत आहेत! १८६१ च्या तिसऱ्या आवृत्तीत डार्विनने उत्तर दिले, की गुरुत्वाकर्षण ग्रहांच्या गतीचे नियमन करते असे म्हटले तर कोणी हरकत घेत नाही. बोलणे थोडक्यात व्हावे म्हणून अशी भाषा वापरावी लागते आणि तिचा अर्थ सर्वांना माहीत असतो.

आल्फ्रेड रसेल वॉलेस यांना मात्र तो अर्थ सर्वांना माहीत असल्याचा भरवसा नव्हता. हा सिद्धांत त्यांनी स्वतंत्रपणे शोधला होता. जुलै १८६६ मध्ये त्यांनी डार्विनला पत्र लिहून सुचवले, की वाचकांचा घोटाळा या शब्दामुळेच होतो, म्हणून हर्बर्ट स्पेन्सर यांचा 'योग्यतमाचे टिकून राहणे' हा शब्दप्रयोग घ्यावा. डार्विनने तो १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत घेतला, पण जुना शब्द सोडला नाही.

पतंजलीच्या रीतीने पाहिले तर वॉलेस यांचे म्हणणे लगेच कळते. काही जीव जगतात, त्यांना पिल्ले होतात. काही मरतात. या असंख्य घटनांच्या गठ्ठ्याला आपण 'निवड' हे नाव दिले आणि मग त्या नावालाच कर्त्याच्या खुर्चीत बसवले. इथे तर आत येऊन त्याला उठवणारा राजाच नाही. प्रत्येक घटनेतले जीव तेवढे आहेत. जिराफाची मान निसर्गाने लांब 'केली' असे लिहिणारा विद्यार्थी आळशी नसतो. त्याने आपले वाक्य अक्षरशः खरे मानलेले असते, आणि ते वाक्य बहुधा आपणच त्याला दिलेले असते.

फुटले, की फोडले?

कर्ता कोण, यावर आठवणसुद्धा थोडी अवलंबून असते असे दिसते. केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात इंग्रजी आणि स्पॅनिश भाषकांना छोट्या चित्रफिती दाखवल्या. कोणी मुद्दाम फुगा फोडतो, कोणाकडून चुकून फुटतो. मुद्दाम केलेल्या कृती दोघांनीही 'त्याने फोडला' अशाच सांगितल्या. चुकून घडलेल्या कृतींचे वर्णन करताना मात्र इंग्रजी भाषक जास्त वेळा 'त्याने फोडला' म्हणाले आणि स्पॅनिश भाषक 'फुटला' या धर्तीवर बोलले. नंतर चुकून फोडणारा माणूस कोण होता, हे इंग्रजी भाषकांना अधिक चांगले आठवले. जपानी भाषकांबाबतही २०१० मध्ये असाच कल आढळला होता. याचा अर्थ भाषा आपल्याला डांबून ठेवते असा नाही. पण जे सांगायची सवय आहे, त्याकडे लक्ष जाते आणि जे सांगावे लागत नाही, ते निसटते.

मराठीत 'फुटणे-फोडणे', 'तुटणे-तोडणे', 'पडणे-पाडणे' अशा जोड्या विपुल आहेत, आणि त्यातली पहिली रूपे आपल्याला प्रिय आहेत. 'सर, परीक्षानळी फुटली' असे मूल सांगते, तेव्हा ते खोटे बोलत नाही. भाषेने दिलेली सोय वापरते. १२ जुलै १९६१ रोजी पुण्यात पूर आला, त्याबद्दल आपण आजही 'पानशेत फुटले' म्हणतो. त्यात दोन बदल्या आहेत. धरणासाठी गावाचे नाव, आणि धरण बांधणाऱ्या, तपासणाऱ्या, पाणी साठवू देणाऱ्या माणसांच्या जागी धरण. बोलण्यात ते सोयीचे आहे. पण चौकशी करायची असेल तर त्या वाक्यावर थांबून भागत नाही. रोजच्या वर्तमानपत्रात 'भरधाव ट्रकने चिरडले' असते. त्या ट्रकचा चालक, मालक, रस्ता आखणारा हे सारे त्या एका 'ट्रकने'च्या मागे उभे असतात.

वर्गात काय करावे?

बदली कर्त्यांना वाक्यांतून हाकलून द्यावे, असे आम्हाला मुळीच सुचवायचे नाही. 'आलेख दाखवतो' हे शुद्ध आणि सोयीचे मराठी आहे. भांडेही शिजवते आणि लाकडेही शिजवतात, हे पतंजलीने मान्यच केले आहे. विद्यार्थ्याला खुर्चीतला अमात्य ओळखता आला, एवढे पुरे.

आम्ही करून पाहिलेला एक उपक्रम सांगतो. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकाचे एक पान घ्यावे. प्रत्येक वाक्यातल्या कर्त्याखाली रेघ मारावी. कर्ता निर्जीव असेल तर विचारावे : इथे देवदत्त कोण? मग त्याला वाक्यात आणावे आणि आधीचा कर्ता कोणत्या विभक्तीत जातो, ते पाहावे. 'प्रयोगाने सिद्ध झाले' याचे 'या प्रयोगावरून अमक्याने असा निष्कर्ष काढला' असे होते, आणि लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो : दुसऱ्या कोणी तोच प्रयोग करून वेगळा निष्कर्ष काढला असता का? 'निसर्गाने मान लांब केली' याचे रूपांतर करायला गेले की देवदत्त सापडतच नाही, आणि मुलांना जिराफाची गोष्ट पहिल्यापासून, जगलेल्या आणि मेलेल्या जिराफांपासून, सांगावी लागते. व्याकरणाचा तास आणि विज्ञानाचा तास इथे एक होतो.

आमच्या पुस्तिकेत शेवटी 'तापमापक चाळीस अंश दाखवतो' हेच वाक्य राहिले. फक्त त्या शिक्षिकाबाईंच्या आग्रहावरून पुढे एक ओळ वाढवली : 'तुम्हाला किती दिसले? शेजाऱ्याला किती दिसले?' पुस्तिका वापरणाऱ्या एका वर्गात चाळिसाच्या जागी साडेएकोणचाळीस, चाळीस आणि एक्केचाळीस अशी तीन उत्तरे आली आणि अर्धा तास भांडण झाले. डोळा पाऱ्याच्या पातळीत ठेवावा लागतो, हे त्या वर्गाला निराळे शिकवावे लागले नाही.